हवा भरायच्या बोटीचे जड इंजिन: उचलताना, नेताना आणि ठेवताना

बोट घेताना तिची घडी गाडीच्या डिकीत मावेल का, हे जवळपास प्रत्येकजण विचारतो. इंजिनाच्या वजनाचा प्रश्न मात्र फार थोड्यांना सुचतो. ते कळते पहिल्यांदा उचलायला जाताना. अडीच अश्वशक्तीचे छोटे फोर-स्ट्रोक इंजिन साधारण 17-18 किलोंचे असते. चार ते सहा अश्वशक्तीची इंजिने 25 ते 27 किलोंच्या आसपास, 9.9 चे इंजिन 40 किलोंच्या घरात आणि 20 अश्वशक्तीचे त्याहून बरेच जड. त्यातही हे वजन सरळ नाही. सगळा भार वर डोक्यात आणि खाली लांब दांडा. भरलेले पोते अंगाशी कवटाळून नेता येते, इंजिन मात्र अंगापासून लांब धरावे लागते आणि कमरेवर दुप्पट ताण देते.

अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. वजन उचलण्याच्या तिच्या सूत्रात, पकड चांगली, ओझे अंगाजवळ, पाठ न वळवता, अशी सगळी अनुकूल स्थिती असतानाही 23 किलो हीच मर्यादा धरलेली आहे. हलत्या बोटीत वाकून काम करताना यातले काहीच अनुकूल नसते. म्हणून आम्ही ग्राहकांना सांगतो की सर्वांत छोटे इंजिन सोडले तर एकट्याने उचलू नका. दोन माणसे किंवा चाके, यातले एक हवेच.

काढण्याआधीची पाच मिनिटे

इंजिन बोटीवर असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. पंखा आणि पाणी ओढणारी जाळी तेव्हा पाण्यातच हवी. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट करा, थांबवण्याची सुरक्षा-दोरी काढून घ्या आणि बाहेरची टाकी असेल तर तिची नळी सोडवा. इंजिन पाण्याबाहेर काढल्यावर लगेच आडवे करू नका. काही मिनिटे सरळ उभे धरले की दांड्यातले पाणी आपोआप निथळून जाते. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात.

इंजिनाला बोटीच्या मागच्या फळीवर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू सैल करण्याआधी त्याला एक मजबूत दोरी बांधा आणि तिचे दुसरे टोक बोटीला किंवा धक्क्याला अडकवा. बोट आणि धक्का यांच्यामधल्या हातभर फटीत इंजिन निसटायला एक क्षण पुरतो. उचलताना कधीही वरचे कव्हर धरू नका. ते फक्त खटक्यावर बसलेले असते. चालवण्याचा दांडाही धरू नका. एक हात पुढच्या मुठीत, दुसरा खाली पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली, ही पकड बरोबर. बोटीत उभे राहून नव्हे, तळावर गुडघे टेकून काम करा. बोटीच्या बाजूच्या फुगलेल्या नळकांड्यावर पाय ठेवून जोर लावलात की ते दबते आणि तोल जातो. इंजिनाला वरून उचलायची कडी दिलेली असेल तर चेन-पुली लावा. कडी नसेल तर पट्टा कुठून घ्यायचा ते एकदा दुकानात येऊन बघून जा, हे कागदावर नीट सांगता येत नाही.

किनाऱ्यावरच्या थोड्या अंतरासाठी मागच्या फळीला बसवायची घडीची चाके मिळतात. इंजिनासकट बोट ओढत नेता येते, ही मोठी सोय आहे. फक्त त्यांचे बोल्ट फळीच्या आरपार जातात. ती भोके नीट सील केली नाहीत तर लाकडात पाणी मुरते.

आडवे ठेवायचे तर कोणत्या कुशीवर?

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि चूकही इथेच सर्वांत जास्त होते.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात, मोटारीच्या इंजिनासारखे, तेल साठलेले असते. चुकीच्या कुशीवर किंवा उताणे-पालथे ठेवले की ते तेल सिलिंडरमध्ये, नाहीतर हवेच्या मार्गातून कार्बोरेटरमध्ये उतरते. योग्य कूस कोणती हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. बहुतेक इंजिनांच्या अंगावर त्याचे चित्र चिकटवलेले असते, नाहीतर पुस्तिकेत असते. शेजाऱ्याच्या इंजिनावरून अंदाज बांधू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची, दिसायला सारखी इंजिने उलट्या कुशींवर निजवायची असू शकतात. टू-स्ट्रोक इंजिनात असा तेलाचा साठा नसतो, त्यामुळे त्याला कुशीची तेवढी काळजी नाही.

मात्र दुसरा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे: डोके कधीही पंख्यापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही. धूर बाहेर पडण्याची वाट दांड्यातूनच जाते आणि त्याच वाटेत पाणी उरलेले असते. डोके खाली गेले की ते पाणी उलटे वाहत सिलिंडरपर्यंत पोहोचते. खारे पाणी असेल तर थोड्याच दिवसांत आतली लोखंडी पृष्ठे गंजतात. गाडीत निजवताना डोक्याखाली जाड चटई किंवा फोमचा तुकडा द्या. पंखा खाली राहील आणि कव्हरही खरचटणार नाही. दोन्ही बाजूंनी पट्टा बांधा, कारण ब्रेक लागल्यावर ते घरंगळते.

इंजिनातच टाकी असेल तर ती गाडीत ठेवण्याआधी पूर्ण रिकामी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती डिकीच्या तळाशी साठून राहते आणि वासाने कळेपर्यंत बरीच झालेली असते. वेगळा डबा भरायचा असेल तर तो गाडीत ठेवूनच भरू नका, खाली जमिनीवर उतरवा. गालिच्यावरच्या डब्यात स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरेशी असते.

इंजिन बोटीवरच तिरके करून ट्रेलरवरून न्यावे का? लहान घडीच्या बोटींसाठी आमचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. तिरके धरून ठेवणारा खटका उथळ पाण्यासाठी केलेला आहे, खड्ड्यांसाठी नाही. शिवाय या बोटीची मागची फळी दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांना चिकटवलेली असते. प्रत्येक धक्क्याला 40 किलोंचा लंबक त्या जोडाला ओढत राहतो. जोड सुटलेल्या फळ्या दुरुस्त होतात, पण पहिल्यासारख्या क्वचितच होतात. कडक तळाच्या मोठ्या बोटीवर इंजिन ठेवावेच लागते. तिथे दांडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये आधाराचा दांडा लावा, म्हणजे भार फळीवर राहत नाही.

घरात ठेवताना

उभे ठेवणे केव्हाही उत्तम. त्यासाठी स्टँड घरीच करता येतो: दोन खांब, वर आडवी फळी, खाली रुंद पाया आणि ब्रेकची चार चाके. फळीची जाडी बोटीच्या मागच्या फळीएवढी घ्या, नाहीतर क्लॅम्प नीट आवळत नाहीत. उंचीचा हिशेब मात्र अनेकांचा चुकतो. शॉर्ट शाफ्ट म्हणजे 15 इंच, 381 मिलिमीटर, आणि लाँग शाफ्ट 20 इंच, 508 मिलिमीटर. ही मापे पंख्याच्या वरच्या पट्टीपर्यंतची असतात. पंखा आणि त्याखालचे पाते आणखी खाली येते. तेव्हा क्लॅम्पपासून पात्याच्या टोकापर्यंत स्वतः मोजा आणि पाते व जमीन यांच्यामध्ये आणखी चार बोटे सोडा. पाते जमिनीला टेकून त्यावर भार येता कामा नये. पाया पुढेमागे रुंद हवा, कारण डोके जड असल्यामुळे अरुंद स्टँड मुलाने नुसते ओढले तरी कलंडतो.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुणे कधीही टाळू नका. दहा मिनिटे पुरतात. पिंपात पंखा बुडवून किंवा जाळीवर रबरी कप लावून, कसेही करा, पण पाणी सुरू केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. आतल्या पंपाचे रबरी चक्र कोरडे फिरले तर काही सेकंदांत झिजते. हे काम उघड्यावरच करा. बंद खोलीत इंजिनाचा धूर जीव घेतो.

काही महिने वापर नसेल तर गिअर ऑइल मोसमाच्या शेवटीच बदला, सुरुवातीला नव्हे. ऑइल दुधाळ निघाले तर आत पाणी शिरते आहे, म्हणजे सील गेले आहे. तसेच ठेवले तर गिअर महिनोन्महिने त्या पाण्यातच भिजत राहतात. नवे ऑइल खालच्या भोकातून वर ढकलत भरा. वरच्या भोकातून ते बाहेर आले की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजून गंज टाळणारे जस्ताचे तुकडे इंजिनाला लावलेले असतात; ते निम्मे झिजले असतील तर बदला, आणि त्यांना रंग कधीही लावू नका. रंगवलेला तुकडा काम करत नाही. टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका, विशेषतः इथेनॉल मिसळलेले, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते.

जागा कोरडी आणि हवेशीर हवी, आणि जवळ गिझरची ज्योत किंवा स्वयंपाकाची शेगडी नको. घडी केलेल्या बोटीवर इंजिन ठेवू नका, गळणारे पेट्रोल आणि ऑइल तिचे कापड आणि गोंद दोन्ही खराब करते.

इंजिन चुकीच्या कुशीवर राहिलेच, तर घाबरू नका आणि इंजिन सुरू करायची दोरीही लगेच ओढू नका. काही तास सरळ उभे ठेवा. मग स्पार्क प्लग काढून, सुरक्षा-दोरी काढलेलीच ठेवून, सुरू करायची दोरी हळूहळू ओढा. आतले तेल किंवा पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल, तोंड लांब ठेवा. नंतर तेलाची पातळी तपासा. दोरी मध्येच अडत असेल तर तिथेच थांबा. द्रव दाबला जात नाही, आणि जोर लावला तर आतला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. तेल बाहेर आल्यावर सुरुवातीला निळा धूर निघेल, तो थोड्या वेळात थांबतो. पाणी निघाले असेल, विशेषतः खारे, तर त्याच दिवशी आमच्याकडे आणा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

दुरुस्तीला आणताना टाकी रिकामी, इंजिन शक्यतो उभे आणि सोबत पुस्तिका असू द्या. दारात येऊन फोन करा. गाडीतून उतरवायला आमची दोन माणसे आणि ट्रॉली बाहेर येतील.