नेव्हिल सेंट क्लेअर म्हणजे जेकिल नव्हे

शेरलॉक होम्सच्या ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ या कथेचा विषय निघाला की कोणीतरी ‘हा जेकिल आणि हाइडचाच प्रकार’ असे म्हणून मोकळे होते आणि एका उत्तम कथेचे मर्म तिथेच हरवते. स्टीव्हन्सनची १८८६ मधली ती कादंबरिका सर्वांना ठाऊक आहे: प्रतिष्ठित डॉक्टर जेकिल रसायन पिऊन दुष्ट हाइड बनतो. डिसेंबर १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली कॉनन डॉयलची कथाही लंडनमधल्या नेव्हिल सेंट क्लेअर या प्रतिष्ठित गृहस्थाचे लपवलेले आयुष्य सांगते. साम्य इथेच संपते. एकीकडे रसायन आणि दुसरीकडे रंगरंगोटी, हा फरक किरकोळ आहे.

महत्त्वाचा फरक हिशेबात आहे. सायंदैनिकाचा बातमीदार असलेला सेंट क्लेअर लेखासाठी भिकाऱ्याचा वेश घेतो आणि एका दिवसात २६ शिलिंग ४ पेन्स मिळवतो. पुढे अंगावर आलेले २५ पौंडांचे देणे तो भीक मागून १० दिवसांत फेडतो, आणि मग आठवड्याला २ पौंडांची नोकरी त्याला जड वाटू लागते. ली इथले घर, पत्नी, दोन मुले हा सारा संसार ह्यू बून या नावाने तो स्वतःच मागत असलेल्या भिकेवर चालतो. म्हणजे इथे भिकारी सभ्य गृहस्थाला पोसतो. जेकिलजवळ पैसा आणि मान आधीच आहे, आणि त्या मानाचे ओझे उतरवून ठेवण्यासाठीच तो हाइड होतो.

म्हणून दोघांचे कबुलीजबाब शेजारी ठेवून वाचावेत, असा माझा आग्रह आहे. हाइडचे कृत्य न् कृत्य आठवत असूनही जेकिल एका टप्प्यावर त्याला ‘मी’ म्हणू शकत नाही, ‘तो’ म्हणतो. सेंट क्लेअर मात्र, कोठडीत होम्सने ओल्या स्पंजने चेहरा पुसल्यावर, बूनचे सारे उद्योग ‘मी’ म्हणूनच सांगतो. बूनच्या वेशात स्वतःच्याच, म्हणजे सेंट क्लेअरच्या, खुनाच्या संशयावरून पकडला गेला असतानाही तो गप्प राहिला होता, कारण मुलांना बापाची लाज वाटण्यापेक्षा त्याला फाशीही चालली असती. अशा माणसाला ‘दुभंगलेला’ म्हणणे मला साफ अमान्य आहे.

हाइडला सोडण्याचा जेकिलचा निश्चय दोन महिने टिकला. बून पुन्हा दिसणार नाही अशी शपथ घेऊन घरी परतणाऱ्या सेंट क्लेअरच्या बँकेत २२० पौंड आहेत, देणे ८८ पौंडांच्या थोडे वर आहे, आणि यापुढे कमवायचे कसे, हे डॉयल सांगत नाही.