मोबाईल टॉवरने मोजलेला पाऊस: बुर्किना फासोमधलं फिजिक्स

जोराचा पाऊस आला की डिश टीव्ही अडकायला लागतो, चित्राचे चौकोन होतात आणि मग नो सिग्नल, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाटेतले पावसाचे थेंब ती रेडिओ लहर थोडी शोषून घेतात आणि थोडी इकडेतिकडे विखरून टाकतात म्हणून असं होतं. आता हाच प्रश्न उलटा विचारा, सिग्नल किती कमी झाला ते नीट मोजलं तर पाऊस किती पडला हे सांगता येईल का? येतं! आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये ते करून दाखवलंय.

तिथे याची गरज का आहे ते आधी बघू. सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा पट्टा आहे, पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, ज्वारी-बाजरी आणि जवळजवळ सगळी शेती त्याच्याच भरवशावर. पण हा पाऊस मोठमोठ्या वादळांतून येतो, एका गावात शेतात पाणी साचतं आणि दहा किलोमीटरवर थेंबही नसतो. १ सप्टेंबर २००९ ला राजधानी वागाडुगूमध्ये काही तासांत २६० मिमीच्या आसपास पाऊस पडला, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या साधारण एक तृतीयांश, आणि दीड लाखाच्या आसपास लोकांना पुराचा फटका बसला. असा पाऊस वेळेत कळायला पर्जन्यमापक हवेत, ते फार थोडे आहेत. रडार हवं तर त्याला प्रचंड पैसा, चोवीस तास वीज, स्पेअर पार्ट आणि ते चालवणारी माणसं लागतात, पूर्ण आफ्रिका खंडात मिळून हवामानाचे रडार काही डझनच आहेत. सॅटेलाइट आहेत, पण ते ढगांकडे वरून बघतात, महिन्याचा अंदाज बरा देतात, एकेका वादळात खाली नेमकं किती पडलं हे सांगताना चुकतात.

मोबाईल टॉवर मात्र सगळीकडे पोचलेत. टॉवरवर ढोलासारखे गोल पांढरे अँटेना दिसतात ना, ते आपल्या फोनसाठी नसतात, एका टॉवरचा डेटा दुसऱ्या टॉवरला मायक्रोवेव्हने, म्हणजे आखूड रेडिओ लहरींनी, पाठवायला असतात; दोन टॉवरमधल्या अशा जोडणीला लिंक म्हणतात. कंपनी नेटवर्क ठीक चाललंय का हे बघायला या लिंकची सिग्नल पातळी सारखी नोंदवतच असते. म्हणजे पावसाची माहिती आधीच तयार होतीये, फक्त तिच्याकडे पाऊस म्हणून कोणी बघत नव्हतं. ही कल्पना २००६ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी सायन्स या शोधपत्रिकेत मांडली, नंतर नेदरलँड्समध्ये पूर्ण देशाचे पावसाचे नकाशेही असे काढले गेले.

यातलं फिजिक्स मला फार आवडतं. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा आणि २० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड सेंटीमीटर, दोन्हींच्या आकारात फार मोठा फरक नाही, म्हणून थेंब लहरीला चांगलाच अडवतो. तासाला ५० मिमीच्या पावसात अशा लिंकचा सिग्नल दर किलोमीटरला ५ ते ६ डेसिबल पडतो (३ डेसिबल म्हणजे निम्मा!). शिवाय या फ्रिक्वेन्सीच्या आसपास घट आणि पावसाचा जोर यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेचं असतं, त्यामुळे लिंकच्या पूर्ण लांबीवरचा सरासरी पाऊस थेट मिळतो, पर्जन्यमापकासारखा एका ठिपक्यावरचा नाही.

पण बुर्किनामधल्या प्रयोगातली लिंक होती ७ गिगाहर्ट्झची, तिथे तेवढ्याच पावसाला दर किलोमीटर अर्धा ते पाऊण डेसिबलच घट. वाचवलं दोन गोष्टींनी, लिंक तब्बल २९ किलोमीटर लांब होती आणि तिथला पाऊस जोरदार असतो. वागाडुगू विद्यापीठाचे अली दुमुनिया आणि फ्रान्सच्या मारिएल गोसे यांच्या टीमने टेलिसेल फासो कंपनीकडून २०१२ च्या पावसाळ्याचा डेटा घेतला आणि २०१४ मध्ये निकाल छापला: पावसाचे ९५ टक्के दिवस बरोबर ओळखले गेले, आणि पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी सहसंबंध ०.८ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). युरोपसारखं दाट नेटवर्क नसताना हे जमलं, मला हीच मोठी गोष्ट वाटते.

अडचणी आहेतच. पाऊस थांबल्यावरही अँटेनावर पाण्याचा थर राहतो आणि तो सिग्नल खातो, मग नसलेला पाऊस दिसतो. कोरड्या हवेतही सिग्नल थोडा वरखाली होत असतो, त्यामुळे पाऊस नसतानाची पातळी नेमकी कुठली हे ठरवणं हेच निम्मं काम. यावर उपाय निघतायत, त्या फिजिक्सची मला काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती डेटाची. तो खासगी कंपनीचा, तिला वाटतं यातून आपल्या नेटवर्कचा नकाशा बाहेर जाईल, आणि हवामान खातं, टेलिकॉम खातं, कंपनी, विद्यापीठ या चौघांना एका टेबलावर आणायलाच खूप वेळ जातो. २०१५ मध्ये वागाडुगूत यासाठी खास कार्यशाळा झाली, तिथे टेलिकॉम आणि हवामानवाले एकत्र बसले, हे मला त्या पेपरइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि यात उशीर परवडणारा नाही, कारण जिथे फायबर पोचतं तिथे या मायक्रोवेव्ह लिंक हळूहळू काढल्या जातात, शहरात तर आधी. खेड्यापाड्यांतल्या लांब लिंक अजून काही वर्षं राहतील, आणि पर्जन्यमापक सगळ्यात कमी आहेत ते त्याच भागात.