कातडी कयाक

लाकडाचा हलका सांगाडा दोऱ्याने बांधून त्यावर कातडे किंवा कापड ताणून शिवलेली, वरूनही झाकलेली अरुंद नाव. मधल्या भोकात पाय पसरून बसायचे आणि दोन पात्यांच्या वल्ह्याने ती चालवायची. साधारण ५ मीटर लांबीची अशी नाव १२ ते १८ किलो भरते, म्हणजे एकट्याने खांद्यावर टाकून पाण्यापर्यंत नेता येते.

आयुष्यात पहिली नाव बांधणाऱ्यासाठी हाच प्रकार सर्वांत योग्य ठरतो. फळ्यांच्या नावेत प्रत्येक सांधा पाणी अडवणारा लागतो, त्यामुळे एक सांधा चुकला की नाव गळते. कातडी कयाकमध्ये पाणी अडवण्याचे काम फक्त आच्छादनाचे असते. सांध्यांनी लाकूड जागच्या जागी धरून ठेवले की पुरते. म्हणून मुरलेल्या सुताराची सफाई हातात नसली तरी चालते. बांधणी घट्ट आणि रेषा सलग मात्र हवी.

उगम : ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर किनारा, अलास्का आणि अल्यूशन बेटे हा या नावेचा मूळ प्रदेश. तिथल्या किनाऱ्यांवर लाकूड दुर्मीळ, म्हणून समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांतून सांगाडे घडत. त्यांवर सील किंवा समुद्रसिंहाचे कातडे चढे. ते शिवण्याचे काम स्त्रियांचे होते आणि त्यातले कसब सांगाड्याइतकेच मोठे होते : सुई कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच जाई, त्यामुळे टाक्याचे भोक आरपार पडतच नसे. अल्यूट लोकांच्या नावांना रशियनांनी ‘बायदार्का’ हे नाव दिले. तिच्या काही सांध्यांत लाकडावर लाकूड घासू नये म्हणून हाडाचे तुकडे बसवलेले असत. युरोपात म्युनिकचा विद्यार्थी आल्फ्रेड हॉइरिश याने १९०५ मध्ये याच कल्पनेवर घडीची कयाक तयार केली आणि १९०७ मध्ये योहान क्लेपर याने तिचे हक्क घेतले. १९५६ मध्ये हानेस लिंडेमान याने शीड लावलेल्या अशाच घडीच्या कयाकमधून अटलांटिक महासागर ७२ दिवसांत ओलांडला.

मापे : ग्रीनलंडच्या परंपरेत नाव माणसाच्या अंगावरून मापतात. लांबी उंचीच्या सुमारे तिप्पट, रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी, बैठकीपुढची खोली एक मूठ आणि वर उभा अंगठा, असे ठोकताळे आहेत. ते शिकाऱ्यांसाठी ठरले होते, ज्यांना अंगाला चिकटून बसणाऱ्या नावेची लहानपणापासून सवय होती. नवख्याने रुंदी आणि खोली थोडी सैल ठेवावी. अशी नाव डळमळते कमी, आणि पालथी झाली तर बाहेर पडायला सोपी जाते.

सांगाडा : सुरुवात वरच्या कडेच्या दोन लांब काठपट्ट्यांपासून होते. नावेचा आकार ठरतो तो इथेच. दोन्ही पट्ट्या शक्यतो एकाच फळीतून, शेजारीशेजारी कापाव्यात. दोन वेगळ्या लाकडांच्या पट्ट्या सारख्या वाकत नाहीत आणि नाव एका बाजूला ओढ खाते. सीडर किंवा स्प्रूससारखे हलके, सरळ रेषेचे (म्हणजे तंतू सरळ गेलेले), गाठी नसलेले लाकूड घ्यावे. पट्ट्यांची टोके एकत्र बांधून मध्ये फाकवली की त्यांच्यामध्ये आडवे दांडे कुसू-खाचेने, म्हणजे दांड्याचे टोक पट्टीतल्या खाचेत घुसवून, बसवतात. बैठकीपुढचा दांडा कमानीसारखा वर उचललेला असतो. ग्रीनलंडमध्ये त्याला ‘मासिक’ म्हणतात. मांड्या त्याला टेकवूनच नाव ताब्यात ठेवली जाते.

त्यानंतर बरगड्या. नवख्याला भीती वाटते ती याच कामाची. ॲश किंवा ओकच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून मग वाफवायच्या असतात. भट्टीत वाळवलेले लाकूड हमखास तुटते. ओलसर किंवा नुसत्या हवेवर वाळलेले चालते. ६ ते ८ मिलिमीटर जाडीला काही मिनिटांची वाफ पुरते. पट्टी बाहेर काढल्यावर वाकवायला हातात जेमतेम काही सेकंद असतात, कारण थंड होताच ती पुन्हा कडक होते. लाकडाची रेषा कडेतून बाहेर निघत असेल तर पट्टी तिथेच फाटते. पाच-सहा बरगड्या जास्तीच्या कापून ठेवाव्यात, त्या लागतातच.

बरगड्यांवर मधला कणा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मेणदोऱ्याने बांधतात. ही बांधणी करताना दर थोड्या वेळाने नावेच्या टोकाशी बसून, एक डोळा मिटून लांबवर नजर टाकावी. पट्टीत कुठे पोक किंवा खळगा असेल तर मोजपट्टीच्या आधी डोळ्याला कळतो. इथे स्क्रू आणि गोंदाचा मोह टाळावा. दोऱ्याचा सांधा लाटेबरोबर किंचित हलतो आणि ताण संपूर्ण सांगाड्यात वाटला जातो. स्क्रूच्या सांध्यात तो एकाच भोकापाशी साठतो आणि लाकूड चिरते.

वाफेची सोय नसेल तर प्लायवुडच्या आडव्या चौकटी कापून त्यांच्या खाचांत लांब पट्ट्या बांधण्याची सोपी रीत आहे. खाचांमधली चौकटीची कड थोडी आत कोरून घ्यावी, नाहीतर ती कापडाला टेकते आणि तिथे कापड झिजते.

आच्छादन : आता कातड्याऐवजी नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे जाड कापड वापरतात. नायलॉन ओले असताना सैलावते, म्हणून ते भिजवून ताणून शिवतात आणि वाळताना ते आवळते. पॉलिएस्टर गरम इस्त्री फिरवून आवळतात. सुती कॅनव्हास मात्र ओला झाला की आवळतो. कापड पालथ्या सांगाड्यावर टाकतात, नाव उलटतात आणि वरच्या मध्यरेषेवर दाभणाने शिवतात. बैठकीच्या भोकाभोवतीचे लाकडी कडेही त्याच कापडात शिवले जाते. त्यावर दोन भागांच्या पॉलियुरेथेनचे किंवा रंगाचे थर चढतात. पॉलियुरेथेन लवकर घट्ट होते, म्हणून थोडे-थोडेच कालवावे. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच हे काम करावे.

पाण्यात : या नावेत पाणी अडवणारे आतले कप्पे नसतात. उलटून पाणी भरले तर ती पार जड होते आणि रिकामी करणे अवघड जाते. म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकात हवेच्या पिशव्या बसवल्याशिवाय ती पाण्यात उतरवू नये. तरंगते जाकीट घालावे आणि उलटल्यावर बाहेर पडण्याचा सराव उथळ पाण्यात, सोबत कोणी असतानाच करून घ्यावा.

धारदार खडकावर घासले तर कापड फाटते. त्यावर ठिगळ चिकटवता येते. आच्छादन जुने झाले की ते कापून काढतात, सैल झालेले दोरे पुन्हा आवळतात, आणि त्याच सांगाड्यावर नवे कापड शिवतात.