घरच्यांसोबत लांब पल्ल्याची शर्यत: तयारी कशी करावी

नमस्कार. पाऊस ओसरू लागला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या दुकानात बूट घ्यायला अख्खी घरे येऊ लागतात. बाप-लेक, नवरा-बायको, काका-पुतण्या, कधी सासू-सूनसुद्धा. कुणी हिवाळ्यातल्या 10 किलोमीटरला नाव घातलेले असते, कुणी हाफ मॅरेथॉनला, म्हणजे 21.1 किलोमीटरला. बूट दाखवताना जे बोलणे होते ते गर्दीच्या वेळी अर्धवट राहते. म्हणून हे पत्रक. घरी न्या आणि जे पळणार आहेत त्या सगळ्यांना वाचायला द्या.

सर्वांत आधी एक गोष्ट. घरच्यांनी मिळून तयारी करायची म्हणजे एकत्र निघायचे आणि एकत्र परतायचे. मधले पळणे ज्याचे त्याने आपापल्या वेगाने करायचे. कॉलेजातल्या मुलाचा रमतगमत वेग पन्नाशीकडे झुकलेल्या वडिलांना धाप लावतो. वडील मागे राहायचे नाही म्हणून ताणतात. दम पुरतो, कारण हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सरावतात. पण टाचेची शीर, गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध आणि हाडे यांना तेवढे बळ यायला महिने लागतात. दुखापत होते ती याच फरकात. वेग बरोबर आहे का हे ओळखायला महागडे घड्याळ नको. पळता पळता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. तुटक शब्द निघू लागले की वेग कमी करा. आठवड्यातले बहुतेक पळणे याच वेगाने व्हावे, मुलाचेसुद्धा.

मग एकत्र परतायचे कसे? अंतर मोजू नका, वेळ मोजा. काँग्रेस रोडवरून सगळे एकदम निघा. तीस मिनिटे झाली की जो जिथे असेल तिथून मागे फिरायचे. लेक पाच किलोमीटरवर पोचलेली असेल, आई साडेतीनवर. जाताना जो वेग ठेवला तोच येताना ठेवला, तर दोघी एकाच वेळी परत येतात. लेक उशिरा आली तर ती जाताना जोरात पळाली असे समजावे, आणि हे तिलाही न सांगता कळते. ज्यांना एकटे लांब जायचे नाही त्यांच्यासाठी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेऱ्या मारणे उत्तम. पायाखाली माती असते आणि घरची माणसे पुनःपुन्हा समोरून दिसत राहतात.

ज्याने आजवर कधी पळून पाहिलेले नाही त्याने पहिला महिना दोन मिनिटे पळावे, एक मिनिट चालावे. यात कमीपणा काही नाही; अशाच पद्धतीने पुढे हाफ मॅरेथॉन पुरी करणारे पुष्कळ आहेत. आठवड्यातून तीन दिवस पळणे पुरते, त्यातला रविवार लांब अंतराचा. तीन आठवडे रविवारचे अंतर थोडे थोडे वाढवा, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. नियमित चालणाऱ्या माणसाला हाफ मॅरेथॉनसाठी चार-पाच महिने हाताशी हवेत. रविवारचे पळणे सतरा-अठरा किलोमीटरपर्यंत गेले की पुरे, सरावात पूर्ण 21 करायची गरज नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर उतरवत आणा. त्या दिवसांत पाय शिवशिवतात, राहवत नाही, तरीही.

आणि हे घरातल्या पुरुषमंडळींनी जरा मनावर घ्यावे. आम्हाला दुकानात नेहमी ऐकू येते: "मी सगळ्यांचे आवरून मग जाते." म्हणजे डबे होणार, पाणी भरून होणार, आणि बाई रस्त्यावर येणार तेव्हा ऊन डोक्यावर आलेले आणि वाहनांची वर्दळ सुरू झालेली. चार-पाच महिने असे कुणाचेच निभत नाही. पहाटेची चांगली वेळ वाटून घ्या. ज्या दिवशी आई किंवा सून पळायला जाईल त्या दिवशी डबा दुसऱ्याने करायचा, हे आधीच ठरवून ठेवा. आमच्या मते घरच्या तयारीतली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, बुटांपेक्षाही मोठी. बायकांना पळताना घालायच्या आतल्या कपड्यांविषयी विचारायला संकोच वाटतो, म्हणून त्यासाठी आमच्याकडे वेगळी खोली आणि महिला कर्मचारी आहेत. मोकळेपणाने विचारा, अंगाला नीट बसणारा कपडा नसेल तर छाती आणि खांदे दुखतात आणि पळणे नकोसे होते.

आता बुटांविषयी. आपल्याकडे थोरल्याचे बूट धाकट्याला घालायची रीत आहे. शाळेच्या बुटांचे ठीक, पळण्याच्या बुटांचे तसे करू नये. घरी एक करून पाहा: वापरलेला जोड टेबलावर ठेवा आणि मागून, टाचेच्या बाजूने, डोळे त्याच पातळीवर आणून बघा. टाचेचा भाग एका अंगाला कललेला दिसेल. सोल उलटा करा; बहुतेकांचा टाचेचा बाहेरचा कोपरा आधी गुळगुळीत झालेला असतो. आतला मऊ थर अंगठ्याने दाबा, तो कडक लागेल किंवा त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतील. तो बूट आता पहिल्या माणसाच्या चालीचा झालेला असतो. दुसऱ्याने घातला की त्याचा घोटा त्याच बाजूला झुकतो. पळण्याचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात. वरून नवेकोरे दिसत असले तरी आतला थर तोवर बसलेला असतो. असा जोड बाजारहाटाला वापरा, शेतात वापरा, पण पळायला नको.

खरेदीला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि लांब पळतानाही तसेच सुजतात. ज्या मोज्यांनी पळणार ते घालून या. दोन्ही पाय मोजावे लागतात, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरायचे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसली की उतारावर बोटे पुढे आदळतात, नखे काळी पडतात. जो पळणार तोच समोर हवा. "आमच्या अण्णांचा आठ नंबर" एवढ्यावर आम्ही बूट देत नाही, राग मानू नये. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नवीन जोड मागायला आलात तर जुन्यावरच पळा म्हणून सांगू.

रस्त्यांचे थोडे. नेहमी उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे पळा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या ग्राहकांनी गळिताच्या हंगामात जास्त जपावे. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पहाटेपासून चालू असतात, आणि मागची ट्रॉली वळणावर रस्त्याच्या कडेपर्यंत येते. अंधारात उजेड परतवणारी पट्टी अंगावर हवीच. खानापूरकडच्या लाल मातीच्या वाटा कोरड्या असताना पायाला फार चांगल्या, ओल्या असताना तितक्याच निसरड्या. चढाच्या सरावाला येळ्ळूरचा राजहंसगड आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी तो महिन्यातून दोनदा तरी करावा. चढताना पावले लहान ठेवा. उतरताना धावत सुटू नका, मांड्या दुखून येतात त्या उतारानेच.

खाण्यापिण्यात घरचेच पुरते. रविवारी लांब पळायचे असेल तर आदल्या रात्री साधा भात-आमटी किंवा दहीभात. ज्वारीची भाकरी आणि उसळ एरवी उत्तम, पण त्यातला चोथा पहाटे पोटात गडबड करतो. निघण्याआधी एखादे केळे. सव्वा-दीड तासापेक्षा जास्त पळणार असाल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम मिळते, नाहीतर खजूर किंवा गुळाचे खडे खिशात ठेवा. गोकाकचा करदंट ताकदीचा खरा, पण त्यातला सुकामेवा आणि तूप पचायला वेळ लागतो, तो परतल्यावर खा. कुंदाही तसाच. तहान लागेल तसे घोट घोट पाणी प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसते पाणी पिऊ नका, रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. घरी करायचे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

चाळिशीपुढच्यांनी, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार घरात असेल त्यांनी, सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना साखर एकदम उतरू शकते. खिशात साखर आणि सोबत घरचे माणूस असू द्या. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल तर पळणे बंद ठेवून हाड तपासून घ्या. वेदनाशामक गोळी खाऊन लांब पळू नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

मुलांना लांब पल्ल्याची घाई नको. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराला वयाची 18 वर्षे पुरी लागतात, आणि ते योग्यच आहे. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागले तर पळणे कमी करून दाखवून घ्यावे. तीन किंवा पाच किलोमीटर मजेत पळू द्या. त्यांना हे मात्र जरूर सांगा की आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वेळी अंतर आजच्या 42.195 किलोमीटरपेक्षाही जास्त, 42.75 किलोमीटर होते, आणि त्यांनी ते 2 तास 50 मिनिटांच्या आसपास पुरे केले. आपल्या गावच्या माणसाने हे शंभर वर्षांपूर्वी केले आहे हे पोरांना ठाऊक असायला हवे.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. आपण अडीच हजार फुटांवर, कोरड्या गार हवेत सराव करतो. समुद्रकाठी जानेवारीतही हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि तोच वेग जड जातो. सरावातल्या वेगाचा हट्ट धरू नका. पहिले पाच किलोमीटर ठरवून सावकाश जा.

दुकानात येताना सध्या वापरात असलेला जोड, धुतलेला नसला तरी, सोबत आणा. घासलेला सोल पाहून आम्हाला पुष्कळ कळते, आणि तो अजून चालण्यासारखा असेल तर तसे सांगतो. घेतलेले बूट दोन दिवस घरातल्या घरात घालून बघा. टोचत असतील, टाच निसटत असेल तर सोल मळण्याआधी परत आणा, बदलून देऊ. संध्याकाळी पाचनंतर पाय मोजायला माणूस मोकळा असतो, आणि मोजण्याचे पैसे नाहीत.