कुकरची रिंग आणि हेडफोनचा बास

दिवाळीत भाच्याने हेडफोन घेतले. कान पूर्ण झाकणारे, पाठीमागून बंद, काळेभोर. आईला सांगितलेली किंमत खरी नसावी असा माझा अंदाज आहे. आठवड्याभरात तोंड पाडून माझ्याकडे आला. "मामा, बासच लागत नाहीये याच्यात. रिव्ह्यूवाले म्हणतात डोकं हलतं, माझं तर काहीच हलत नाही." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तपासून दोष नाही म्हणून परत पाठवले होते. मी कानाला लावून बघितले. तेच गाणं, तोच मोबाइल. बास चांगला दणदणीत होता, माझ्या वयाला जरा जास्तच. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकावर हल्लीच्या फॅशनचा, जाड काड्यांचा चष्मा.

"चष्मा काढ आणि परत ऐक."

काढला, ऐकलं, आणि पुढची दहा मिनिटं तो माझ्याशी बोललाच नाही.

कुकरची रिंग जुनी झाली की काय होतं ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. गॅस तेवढाच, पाणी तेवढंच, पण वाफ कडेने फसफसत राहते आणि शिट्टी काही होत नाही. तेव्हा कुणी शेगडी बदलायला निघत नाही. हेडफोनच्या बाबतीत मात्र आपण नेमके शेगडीच्या मागे लागतो. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) की ५० चा, खोक्यावर ५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५ कंपनं) छापलंय की २०, यावर तासन्‌तास वाद. रिंगकडे, म्हणजे कानाभोवतीच्या त्या मऊ कुशनकडे, कुणी बघत नाही.

बास, म्हणजे खर्जातला सूर, हा हवेचा संथ हेलकावा. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ हेलकावे होतात. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. हिप-हॉप आणि ट्रॅपमधला तो लांबलचक "धुम्म" त्याच्यातून आला, तो ५० हर्ट्झच्या आसपासचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी झाली साडेआठ मीटर. मुंबईतल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये ती आडवी मावायची नाही. मग कानावरच्या इवल्याशा वाटीत ती बसते कशी?

बसतच नाही. वाटीत लाट अशी तयारच होत नाही. ड्रायव्हरचा पडदा पुढे सरकला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की एकदम सैल होते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबल्यासारखं. या दाबाची चढउतार थेट कानाच्या पडद्यावर होते आणि आपण तिला बास म्हणतो.

यातली गंमत हिशेब केल्याशिवाय कळत नाही. १०० डेसिबल म्हणजे खूपच मोठा आवाज, पण दाबाच्या भाषेत तो फक्त २ पास्कल. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर पास्कल आहे. कुशनच्या आत समजा १०० घनसेंटिमीटर हवा कोंडली आहे आणि ड्रायव्हरचा पडदा १० चौरस सेंटिमीटरचा आहे. तर २ पास्कलची चढउतार करायला पडद्याने हलायचं किती? दीड मायक्रोमीटर! डोक्यावरच्या केसाची जाडी याच्या पन्नासपट. आता हाच ४० हर्ट्झचा सूर याच जोराने मोकळ्या जागेत एक मीटरवर ऐकवायचा, तर मोठ्या सबवूफरच्या, म्हणजे खास बाससाठीच्या स्पीकरच्या, पडद्याला कित्येक मिलिमीटर मागेपुढे धपापावं लागतं. काम हजारो पटींनी वाढतं, कारण तिथे हवा कोंडलेलीच नसते, ती बाजूला सरकून मोकळी होते.

हेडफोनचा सगळा बास असा कोंडलेल्या हवेच्या जिवावर उभा आहे. कोंडी फुटली की पडदा कितीही मोठा असो, दीड मायक्रोमीटर हलून मोकळ्या हवेत काहीही होत नाही.

पण मग चष्म्याच्या काडीने फक्त बासच का जातो, गाणाऱ्याचा आवाज का जात नाही? वेळेचा खेळ आहे. १,००० हर्ट्झच्या सुरात पडदा पुढे जाऊन परत फिरायला अर्धा मिलिसेकंद लागतो. काडीशेजारच्या फटीतली हवा जागची हलायच्या आत दाब उलटलेला असतो. ४० हर्ट्झला मात्र साडेबारा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हवा निवांत फटीतून बाहेर पडते. सूर जितका खाली, गळती तितकी जास्त. केसांची जाड बट, लोंबते कानातले, जबड्यामागचा खोलगट भाग, गालावरची दाढी, सगळ्यांचा परिणाम हाच. काही डेसिबल तरी जातात, कधी दहाच्या घरात.

खात्री करायची असेल तर मोबाइलवर ४० हर्ट्झचा टोन लावा. टोन देणारी अ‍ॅप फुकट मिळतात. आवाज कमीच ठेवा. हेडफोन नीट बसवा आणि एका कुशनखाली पेन्सिल सरकवा. त्या कानातला सूर एकदम पातळ होतो, किंवा गुडुपच. पेन्सिल काढली की परत हजर. मी हा खेळ घरी आलेल्या तिघाचौघांना दाखवलाय. प्रत्येकाने आधी पेन्सिलच उलटसुलट करून बघितली.

इथे 'क्लोज्ड-बॅक' या शब्दाने होणारा घोटाळा सांगायला हवा. पाठ बंद म्हणून बास जास्त, असं सरसकट समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बासला हवी असते ती पुढची कोंडी, कानाच्या बाजूची. पाठीमागची बंद वाटी मुख्यतः बाहेरचा गोंगाट अडवते आणि तुमचं गाणं शेजारच्याच्या कानात जाऊ देत नाही. उलट मागची कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला ढकलते आणि त्याला मोकळं हलू देत नाही. म्हणून तर बऱ्याच बंद हेडफोनांच्या कपाला टाचणीएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यावर सेलोटेप चिकटवा, बास बहुधा आखडतो. आणि पाठ उघडी असलेले, तरीही अगदी खालपर्यंत सरळ बास देणारे प्लेनर जातीचे (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन बाजारात आहेत; त्यांची कुशन चेहऱ्याला घट्ट बसतात इतकंच.

उघड्या पाठीचे हेडफोन सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ या मॉडेलने आणले, आणि त्यावर कानाला टेकणारा नुसता स्पंज होता. १९७९ च्या वॉकमनबरोबरही तसलाच पातळ स्पंज आला. ज्यांनी तो वापरलाय त्यांना आठवेल, झांजा आणि गळा छान, तबल्याचा डग्गा मात्र कुठे गेला कळायचं नाही. स्पंजातून हवा आरपार जाते, कोंडी होणार कशाची? पुढे वॉकमनवर बास वाढवायची कळ आली ती याच दुखण्यावरचं मलम म्हणून.

तर दुकानात गेल्यावर. रोज लावता तो चष्मा लावून जा. केस जसे असतात तसेच ठेवा. ओळखीचं, पाठ असलेलं गाणं लावा. दुकानदार लावून देतो तो डेमो ट्रॅक नको, त्यात सगळंच भारी वाटतं. गाणं चालू असताना दोन्ही कप तळव्यांनी हलकेच डोक्याकडे दाबा. थोडासा फरक सगळ्यांतच पडतो, पण दाबल्यावर बास धाडकन वाढत असेल तर त्या कुशनचं आणि तुमच्या डोक्याचं जमत नाही. दुसरे बघा. माझ्या मते ही एक चाचणी दहा रिव्ह्यूंपेक्षा कामाची आहे, कारण रिव्ह्यू देणाऱ्याचं डोकं तुमचं नसतं.

कुशनवर कृत्रिम चामडं असेल तर हवा चांगली अडते, पण मे महिन्यात कानामागे घामाचे ओघळ येतात. मखमली कापड सुखाचं, मात्र थोडं झिरपतं. काही कंपन्या तो हिशेब धरूनच रचना करतात. आपल्याकडे खरा शत्रू दमटपणा. हे कृत्रिम चामडं पॉलियुरेथेनचं असतं आणि ओलावा, घाम, डोक्याचं तेल यांनी ते आतून तुटत जातं. कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन पावसाळे झाले की काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात, आतला फोम बसतो, आणि मालकाला वाटतं ड्रायव्हर जुना झाला. ड्रायव्हर ठणठणीत असतो. रिंग बदला. म्हणून घेण्याआधीच विचारा, याची कुशन वेगळी मिळतात का? सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये राबतोय. त्याची कुशन दरवेळी फाटतात आणि दरवेळी नवी मिळतात.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल दोनच वाक्यं. "५ हर्ट्झपासून" असं छापलेलं असतं, पण तिथे आवाज किती डेसिबल पडलेला असतो ते छापत नाहीत, त्यामुळे तो आकडा सोडून द्या. ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा मात्र बघा: बायरडायनॅमिकचं डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतं, आणि २५० वालं मोबाइलला लावलं तर बास काय, सगळंच मवाळ ऐकू येईल.

आता कानाकडे येऊ. हेडफोन निर्दोष असला तरी आपला कान खर्जाच्या बाबतीत मुळात आळशी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आजच्या प्रमाणित आलेखांवरून सांगायचं तर १,००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ५० हर्ट्झचा वाटायला जवळजवळ ७८ डेसिबल लागतात. आवाज वाढवत गेलं की हा फरक कमी होत जातो. म्हणून रात्री हळू आवाजात लावलेलं गाणं रोडावल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो.

त्यात एसटी किंवा लोकल. इंजिनाची घरघर, रुळांची धडधड हा सगळा खालच्या सुरातला गोंगाट, नेमका बासवरच येऊन बसणारा. बंद पाठीचे हेडफोन माणसांच्या गप्पा, भांड्यांचा खणखणाट छान अडवतात. घरघर मात्र बरीचशी आत येते, कारण संथ हेलकाव्याला हलकी प्लास्टिकची वाटी थोपवू शकत नाही. तिथे नॉइज कॅन्सलिंग उपयोगी. गोंगाटाच्या बरोबर उलटा आवाज सोडून तो मारायची ही युक्ती खालच्या सुरांतच सगळ्यात चांगली चालते. शिवाय कपाच्या आत मायक्रोफोन असलेल्या जाती गळतीची थोडीफार भरपाईही करतात. भाच्याने असे घेतले असते तर कदाचित त्याचा चष्मा पकडला गेलाच नसता.

किती बास म्हणजे योग्य? हरमन या ध्वनी उपकरणांच्या कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं लोकांना हेडफोन ऐकवून हेच विचारत होते. बहुतेकांना साधारण १०० हर्ट्झच्या खाली चार ते सहा डेसिबल जादा आवडतात. त्यांच्या एका पाहणीत ६४ टक्के लोक या मधल्या चवीचे निघाले, २१ टक्क्यांना याहून कमी बास हवा होता आणि १५ टक्क्यांना आणखी जास्त. या १५ टक्क्यांत तरुण मुलगे जास्त, हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

पण जादा बास कुठे वाढवलाय हे महत्त्वाचं. ३० ते ८० हर्ट्झमध्ये वाढवला तर दणका लागतो आणि गळा स्वच्छ राहतो. स्वस्त "एक्स्ट्रा बास" हेडफोनांत फुगवटा १५० ते २५० हर्ट्झला असतो. तिथे पुरुषी आवाजाचा पाया आहे, डग्ग्याची घुमक आहे. सगळं मिळून रजईतून ऐकल्यासारखं होतं. दुकानात लोक त्या घुमण्यालाच बास समजून पैसे मोजतात. म्हणून बासचं गाणं ऐकून झालं की एकदा कुणाचं तरी साधं बोलणं लावून ऐका. वक्ता माठात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर हेडफोन खाली ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठलाच हेडफोन देत नाही. मिरवणुकीत ढोलपथकाच्या जवळ उभं राहिलं की टिपरूचा टोल कानाच्या आधी छातीत बसतो. हेडफोन फक्त कानाशी बोलतो, छातीला काही पोचत नाही. मग ती कसर भरून काढायला आवाज वाढवत जायचा मोह होतो, आणि गाण्यात बासबरोबर बाकी सगळंही वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याचा आहे: ८० डेसिबलला ४० तास, ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. गळका हेडफोन म्हणूनच जास्त घातक. कडेने निसटलेला बास परत मिळवायला माणूस व्हॉल्यूम चढवतो आणि नको ते उंच सूर कानावर आदळत राहतात.

भाच्याने मध्यंतरी बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा केला. फरक पडला, पण पूर्ण समाधान नाही. सध्या गाणं लागलं की चष्मा कपाळावर जातो. फक्त पुढचं गाणं शोधताना मोबाइल नाकाला लावावा लागतो, आणि परवा त्या नादात त्याने ट्रॅपऐवजी आईचं हरिपाठाचं रेकॉर्डिंग लावलं. मृदंग काय वाजलाय म्हणाला, पूर्ण ऐकलं.