दिवस जाण्याआधीचं ताट

पाळी चुकली की बहुतेक घरांत आधी आठ-दहा दिवस वाट पाहिली जाते. मग घरच्या घरी तपासणी, मग डॉक्टर, मग दवाखान्यात नाव घालणं. काही घरांत तिसरा महिना लागेपर्यंत बाहेर बोलायचंच नाही असा दंडक असतो. हे सगळं झालं की ताटाकडे लक्ष जातं. दूध वाढतं, फळं येतात, सासूबाई विचारतात, "काय खावंसं वाटतंय गं?" पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच पक्वान्नं.

आता त्या सुरुवातीच्या वाट पाहण्याच्या दिवसांत आत काय चाललेलं असतं ते पाहू. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू एका बारीकशा नळीपासून घडतात. डॉक्टर तिला न्यूरल ट्यूब म्हणतात. आधी ती सपाट पट्टी असते. मग तिच्या कडा उचलल्या जातात, जवळ येतात आणि चेनसारख्या बंद होतात. गर्भ राहिल्यापासून साधारण 28व्या दिवशी हे काम संपलेलं असतं. गर्भ तेव्हा तांदळाच्या कणीएवढा असतो. पाळी चुकल्याचं कळतं तेव्हा यातले 14 दिवस उलटून गेलेले असतात आणि उरलेले वाट पाहण्यात जातात. ही नळी कुठे उघडी राहिली तर बाळ पाठीच्या कण्यातला दोष घेऊन जन्माला येतं, किंवा मेंदूच पुरता घडत नाही. नळी नीट मिटायला जे जीवनसत्त्व फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे फोलेट. गोळीतल्या त्याच्या रूपाला आपण फॉलिक ॲसिड म्हणतो.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, हे आपल्याकडेही फारसं कुणाला माहीत नाही. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. कित्येक जणी त्यात दगावत. विल्स यांनी या बायका काय खातात ते शोधलं. ज्यांच्या जेवणात भाज्या, फळं, दूध जवळजवळ नव्हतंच, त्यांच्यात हा आजार जास्त होता. मग तसाच निकस आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिला आणि एकेक पदार्थ घालून बघितला. शेवटी गुण आला तो यीस्टच्या अर्काने, इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या स्वस्त मार्माइटने. बायकाही त्याने बऱ्या झाल्या. 1931 मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या पानासाठीच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिलं. पालेभाजी त्याच्या नावातच आहे.

पेशीची दुसरी पेशी होताना आतल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. पेशींची वाढ जिथे झपाट्याने होते तिथे त्याची टंचाई आधी जाणवते. म्हणून रक्तात, आणि म्हणूनच गर्भात. सात देशांतल्या 33 केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली आले. आधीच्या बाळात हा दोष होता अशा बायकांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आता जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून बारावा आठवडा संपेपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात दोष असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डोस वेगळा लागू शकतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. शरीरातला फोलेटचा साठा एका आठवड्यात भरत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. बीजांडही एका महिन्यात तयार होत नाही. बीजांडकोशातल्या ज्या पुटकुळीतून ते बाहेर पडतं, तिची शेवटची वाढ साधारण 85 दिवस चालते. पुरुषाचा शुक्रजंतू घडून बाहेर पडायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे आज गर्भ राहिला, तर त्यात आलेल्या दोन्ही पेशी तीन महिन्यांपूर्वीच्या जेवणावर वाढल्या आहेत. जेवण बदलायचं असेल तर ते या तीन महिन्यांत बदलायला हवं, आणि दोघांनीही.

दिवस जाण्याआधीच्या काळात ताट सुधारलं तर खरंच फरक पडतो का? याचीही मोठी परीक्षा मुंबईतच झाली. 2006 पासून झोपडपट्ट्यांतल्या सहा हजारांहून अधिक बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांचा हा 'सरस' प्रकल्प. एका गटाला पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला समोशासारखा किंवा भज्यासारखा खाऊ रोज दिला, दुसऱ्या गटाला दिसायला तसाच, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. ज्या बायका दिवस जाण्याआधी किमान तीन महिने पहिला खाऊ खात होत्या, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो: गरोदरपणातला मधुमेह साध्या खाऊच्या गटात 12.4 टक्के बायकांना झाला, पालेभाजी-दुधाच्या गटात 7.3 टक्क्यांना.

48 ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, असं कुणी म्हणेल. पण ही सरासरी आहे आणि ती एका खाऊने साधली. त्याच मुंबईत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. दात घासायला म्हणून गावोगावी सकाळी हातावर घेतली जाणारी मिश्री, खाऊने मिळवलं त्याच्या दुपटीहून अधिक हिरावून नेते. ताटात काय वाढायचं याच्या आधी ती डबी घरातून गेली पाहिजे.

'सरस'मध्ये आणखी एक गोष्ट दिसली आणि ती वाचून जीव कळवळतो. अगदी हडकुळ्या बायकांच्या बाळांना खाऊचा काही लाभ झाला नाही. वजन वाढलं ते अंगाने बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांचं. आईचं शरीरच वर्षानुवर्षं रिकामं असेल तर आलेलं पोषण आधी तिलाच लागत असावं, असा तर्क आहे. तिथे तीन महिने अपुरे पडतात.

मूल होत नसलेल्या जोडप्यांना आहाराबद्दल फार काही सांगितलं जातं, आणि त्यातलं बरंच त्यांच्या दुःखावर चाललेलं दुकान असतं. म्हणून हे स्पष्ट बोलायला हवं. गर्भनलिका बंद असेल किंवा वीर्यात शुक्रजंतूच नसतील, तर कुठल्याही लाडवाने ते बदलणार नाही. आणि मूल न होण्यात पुरुषाकडचं कारण जवळजवळ निम्म्या जोडप्यांत असतं, तेव्हा पथ्याची यादी एकट्या सुनेच्या हातात देणं अन्यायाचं आहे. पुरुषांसाठी जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खूप खपतात. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त जोडप्यांवर त्यांची चाचणी झाली. 2020 मध्ये निकाल आला: वीर्यही सुधारलं नाही आणि मुलंही जास्त जन्मली नाहीत.

आहाराचा खरा हात पोचतो तो बीजांड वेळेवर बाहेर न पडण्यापर्यंत. शरीरात पुरेशी चरबी आहे का, याचा निरोप लेप्टिन नावाचं संप्रेरक मेंदूला देत असतं. चरबी फारच कमी झाली की मेंदू प्रजननाचं काम तात्पुरतं बंद ठेवतो आणि पाळी थांबते. वजन खूप वाढलं तर इन्सुलिन चढतं आणि बीजांडकोशाचं गणित उलट बाजूने बिघडतं. पीसीओएस या बीजांडकोशाच्या विकारात बहुतेकदा हेच असतं. अशा वेळी वजन 5 ते 10 टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात वनस्पती तुपासारखी ट्रान्स चरबी कमी आणि डाळी-उसळींतलं प्रथिन जास्त खाणाऱ्यांना बीजांड न सुटण्याचा त्रास कमी झालेला दिसला. तो नुसता निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यामुळे त्यावर फार मोठा दावा करू नये. पण मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी खायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मग ताटात काय हवं? मेथी, पालक, माठ, शेवग्याचा पाला, चवळी, हरभरा, शेंगदाणे, या सगळ्यांत फोलेट आहे. ते पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नासतं. मेथी उकडून कडूपणा घालवायला जे पाणी आपण पिळून टाकतो, त्यात ते वाहून जातं. पळीवाढ्या पातळ भाजीत ते भांड्यातच राहतं. या डाळी-भाज्यांतलं लोह शरीर जरा नाराजीनेच घेतं. वरून लिंबू पिळलं की ते बरंच जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की अडतं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे (2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 52.2 टक्के), म्हणून आशाताई आणून देतात त्या लाल गोळ्या कपाटात पडून राहता कामा नयेत. गोळीने मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको. मीठ आयोडीनवालंच असावं. अलीकडे 'नैसर्गिक' म्हणून नुसतं सैंधव वापरायची टूम आहे, पण बाळाच्या मेंदूला सुरुवातीपासून लागणारं आयोडीन त्यात जवळपास नसतं.

दोन जिवांची म्हणून दुप्पट खायचं हे खरं नाही आणि बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल म्हणून पोट मारायचं हे त्याहून घातक. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत चौथ्या महिन्यापासून रोज 350 कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध.

ब-12 जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र पालेभाजीने सुटत नाही, कारण ते वनस्पतींत नसतंच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून ते येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने चांगली होती, हे तिथेच दिसलं. 'सरस'च्या खाऊची कल्पनाही त्यातूनच आली. पण जवळजवळ दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ब-12 कमी होतं. आणि ज्यांचं फोलेट भरपूर पण ब-12 कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. फोलेट आणि ब-12 पेशीत एकाच यंत्राला दोन बाजूंनी लागतात. म्हणून जिच्या घरी अंडं शिजत नाही आणि दूध फक्त चहापुरतं येतं, तिने नुसती फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करून थांबू नये. ब-12 तपासून घ्यावं, आणि ते कमी असेल तर त्याचीही गोळी घ्यावी.

त्या सहा गावांतली बाळं पुढे मोठी झाली. 2012 मध्ये, त्यांची लग्नं व्हायच्या आधी, संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि ब-12च्या नव्या चाचणीत त्यांना सहभागी करून घेतलं. डोस रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम, साध्या जेवणातून मिळायला हवा एवढाच. गोळ्या मुलींना दिल्या आणि मुलांनाही. पुढे या मुलींची लग्नं झाली, त्यांना दिवस गेले, आणि ज्यांची स्वतःची जन्मवजनं 1993 नंतर त्याच गावांत नोंदवली होती, त्यांची बाळं आता तराजूत ठेवली गेली.