आम्ने माचेन : लांबून उंच दिसणारा डोंगर

तिबेटी पंचांगानुसार २०२६ हे घोड्याचं वर्ष. आपल्या सिंहस्थासारखंच ते बारा वर्षांनी फिरून येतं, आणि या वर्षी घातलेल्या प्रदक्षिणेचं पुण्य कितीतरी पट, अशी श्रद्धा. आपल्याकडे अशा वेळी कैलासाचं नाव निघतं. पण चीनच्या छिंगहाय प्रांतात गोलोक नावाचे भटके पशुपालक राहतात. त्यांची पावलं आम्ने माचेनकडे वळतात.

‘आम्ने’ म्हणजे तिथल्या बोलीत आजोबा. शहापूरजवळच्या आजोबा डोंगरावर जाऊन आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. या आजोबांचं दुसरं रूप म्हणजे पांढऱ्या घोड्यावर बसलेला माचेन पोमरा हा देव. सकाळी काळ्या याकलोकरीच्या तंबूबाहेर जुनिपरच्या डहाळ्यांवर चिमूटभर सातू टाकून धूर करायचा, तो त्याच्यासाठी. कळपातला एखादा याक कानात रंगीत फीत ओवून त्याच्या नावाने सोडतात. मग तो कोणी कापायचा नाही. देवाला सोडलेला वळूच म्हणा!

बाहेरच्या जगाला मात्र देवापेक्षा उंचीचं वेड. गोलोक या नावाचा अर्थच मान फिरवलेले, म्हणजे बंडखोर. ल्हासाला ते फारसे जुमानत नसत आणि चिनी अंमलदारांनाही नाही. परक्या माणसाला त्यांच्या मुलखात शिरणं धोक्याचं, त्यामुळे डोंगर पाहायचा तो दुरूनच. ब्रिटिश ब्रिगेडियर जॉर्ज परेरा १९२१-२२ मध्ये पेकिंगहून ल्हासाला निघाले, वाटेत त्यांना तो दिसला आणि हा एव्हरेस्टशी बरोबरी करील, असं त्यांना वाटलं. १९२६ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ रॉक पीत नदीकाठच्या राग्या मठापर्यंत पोचले. पायथा गाठणं त्यांनाही जमलं नाही, जवळ कोन मोजून उंची काढायचं यंत्र, थिओडोलाइटही नव्हतं. तरी त्यांचा अंदाज छापून आला : २८,००० फूट. पुढे बॉलपेनच्या धंद्यात पैसा केलेले मिल्टन रेनॉल्ड्स १९४८ मध्ये विमान घेऊन उंची मोजायला चीनला गेले, पण भांडणं आणि विमानातला बिघाड यांतच ती मोहीम संपली. १९४९ मध्ये लिओनार्ड क्लार्क यांनी तर २९,६६१ फूट असा आकडा जाहीर केला. शेवटच्या एका फुटापर्यंतचा आकडा दिला की लोकांचा विश्वास बसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक असावं.

खरी उंची ६,२८२ मीटर, म्हणजे साधारण २०,६०० फूट. १९६० मध्ये एक चिनी तुकडी वर गेली, पण ते दुय्यम शिखर निघालं. मुख्य शिखरावर १९८१ मध्ये जपानी गिर्यारोहक पोचले.

या आकड्यांच्या धामधुमीत गोलोकांवर काय गुजरलं, ते मागेच राहतं. विसाच्या दशकात त्या भागावर सत्ता गाजवणाऱ्या मा घराण्याच्या मुस्लिम सरदारांच्या फौजा त्यांच्यावर चालून आल्या. १९५८ मध्ये आम्दोतला, म्हणजे तिबेटी मुलखाच्या या ईशान्य भागातला, उठाव चिरडला गेला, मठ बंद पडले, कळप कम्यूनमध्ये, म्हणजे सरकारी सामूहिक मालकीत, जमा झाले. परिक्रमा उघडपणे पुन्हा सुरू झाली ती ऐंशीच्या दशकात. नंतर पीत नदीच्या उगमाचा प्रदेश संरक्षित झाला आणि कुरणं वाचवायची म्हणून अनेक कुटुंबांना पशू विकून शासकीय वसाहतीत जावं लागलं. रोख पैसा येतो तो मे-जूनमध्ये गवतात गुडघ्यांवर रांगत खणलेल्या किडाजडीतून, म्हणजे अळीवर उगवणाऱ्या औषधी बुरशीतून, आपल्या उत्तराखंडात विकतात तीच. डोंगरही बदलतोय. २००४ पासून इथल्या एका हिमनदीचे मोठाले लोट पुन्हा पुन्हा खाली आले आहेत.

परिक्रमा दोनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत साडेचार हजार मीटरवरच्या खिंडी. चालत गेलं तर आठवडा-दहा दिवस. बरेच तरुण आता मोटरसायकलने जातात आणि खिंडीत थांबून घोड्याचं चित्र छापलेले चौकोनी कागद मूठमूठ वाऱ्यावर उधळतात. दंडवत घालत जाणारेही आहेत, त्यांना दोन-दोन महिने लागतात. अंगावर जाड कातडी एप्रन, हातांत लाकडी फळ्या. संध्याकाळी कपाळ जिथे टेकलं तिथे दगड ठेवायचा, तंबूत जाऊन लोणी घातलेला चहा प्यायचा, आणि सकाळी त्याच दगडापासून पुन्हा आडवं व्हायचं.